बुटांच्या तळाचं जंगल

दात कोरून पोट भरत नाही, असं ज्याने कुणी म्हणून ठेवलंय त्याने तिचा दवाखाना पाहिलेला नसणार. लोकांचे दात कोरूनच तिने घर चालवलं होतं, लेकीला शिकवून लांबच्या शहरात मार्गी लावलं होतं, आणि वर नवऱ्याचा छंदही पोसला होता. दवाखान्याच्या दारावर तिच्या नावाची पाटी होती. पेशंट तिला मान द्यायचे, म्हणजे घाबरायचे. दातांच्या डॉक्टरच्या बाबतीत या दोन्हींत फारसा फरक नसतो. पण रविवारी जंगलात गेली की ती डॉक्टर राहायची नाही. तिथे ती नुसती वहिनी होती.

तिला वहिनी करून टाकलं होतं ते नवऱ्याच्या फोटोमंडळाने. पाऊस ओसरला आणि ओढे मात्र अजून भरून वाहत असले, की ही मंडळी जंगलात शिरायची. दिवसभर चालायचं, धबधब्यांचे आणि अळंब्यांचे फोटो काढायचे आणि संध्याकाळी चिखलाने माखून घरी यायचं. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, "लोक सुटीला माणसांकडे जातात, आमचा जातो कुत्र्याच्या छत्र्यांकडे." आमचा त्यावर हसायचा आणि जायचा.

आमचा म्हणजे तिचा नवरा. एरवी लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर, पण मंडळात त्याला सगळे 'एकमेव' म्हणायचे. कारण त्याने जी अळंबी टिपली ती दुसऱ्या कुणाला कधी मिळालीच नाही. मागून येणारे लोक त्याच ओंडक्यापाशी पोचायचे, तर तिथे नुसतं ओलं लाकूड. "अळंबी ती," एकमेव म्हणायचा, "तिचं आयुष्य ते केवढं! गळून पडली बघ. नशीब लागतं रे." सगळे मान डोलवायचे. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात मधली भिंत कायम त्याची असायची आणि गर्दीही तिथेच व्हायची.

तिच्या वाट्याला काय होतं? ट्रायपॉड उचलायचा. धबधब्यापाशी कॅमेऱ्यावर तुषार उडू नयेत म्हणून छत्री धरून उभं राहायचं, शटर उघडं आहे तोवर श्वाससुद्धा जपून घ्यायचा. जळू चिकटली तर मिठाची पुरचुंडी पुढे करायची. नवऱ्याला अळंबी सापडली आणि त्याचे फोटो काढून होत आले, की तो म्हणायचा, "तू हो पुढे, मी आलोच." मग पुढे व्हायचं. आणि घरी आल्यावर बूट. त्याचे जंगलातले बूट जाडजूड तळाचे होते आणि तळाच्या खाचांत चिखल, पानं आणि काय काय गच्च बसलेलं असायचं. ब्रशने ते निघायचं नाही. मग ती दवाखान्यातलं दात कोरायचं जुनं हत्यार घ्यायची आणि एकेक खाच साफ करायची. ते काम तिला आवडायचंही, खोटं कशाला बोला. अडकलेलं काही कोरून काढलं की तिला बरं वाटायचं, धंद्याची खोड.

एका प्रदर्शनात सचिवांनी तिला व्यासपीठावर ओढलं होतं. "वहिनी, तुम्ही पण बोला दोन शब्द." ती म्हणाली, "मी काय बोलणार? फोटो हे काढतात, बूट मी साफ करते. ह्यांच्या बुटांच्या तळाला अख्खं जंगल असतं. तांबडं, पिवळं, जांभळं, म्हणाल ते!" सभागृह खो खो हसलं. सचिवांना तर डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. नवरा सगळ्यांत मोठ्याने हसला. आपल्यालाही चारचौघांत बोलता येतं तर, असं वाटून ती पुढे कितीतरी दिवस स्वतःवर खूश होती.

यंदा मात्र तिने स्वतःचा कॅमेरा घेतला होता. स्वतःचा म्हणजे दवाखान्यातला, दाढांचे फोटो काढायचा. त्याला अगदी जवळचं टिपणारी लेन्स होती आणि लेन्सभोवती दिव्याचं कडं. ज्याने तोंडाच्या अंधारातली शेवटची दाढ दिसते, त्याने ओंडक्याखालची अळंबी का दिसू नये, हे तिच्या मनात आलं ते एका पेशंटच्या तोंडात वाकलेली असताना. पिशवीत तिने आणखी एक गोष्ट टाकली होती, दात बघायचा दांडीचा छोटा गोल आरसा. अळंबीची खरी शोभा छत्रीच्या खाली असते, तिथल्या बारीक पात्यांमध्ये. ती बघायला लोक अळंबी उपटून उलटी करतात. आरसा खाली सरकवला की न उपटता दिसतं.

"आता अळंब्यांच्या दाढा काढणार की काय?" नवऱ्याने गाडीत विचारलं.

"काढणार नाही. बघणार."

"बघ बाई. छत्री धरायला हात मोकळा ठेव म्हणजे झालं."

तो हसला, तीही हसली. यंदाच्या प्रदर्शनात नव्या माणसांसाठी एक कोपरा ठेवला होता. माणशी एक फोटो आणि त्याखाली नावाची चिठ्ठी. तिला त्या चिठ्ठीवर तिचं नाव हवं होतं. वहिनी नको, अमक्याची बायको नको. दवाखान्याच्या पाटीवर आहे ते नाव, आणि तेही दात सोडून दुसऱ्या कशासाठी तरी. पन्नाशी उलटलेल्या बाईने एवढ्याशा चिठ्ठीसाठी झुरावं, याचं तिचं तिलाच हसू येत होतं. पण हवी होती तर हवी होती.

अडचण होती ती नियमांची. मंडळाचा पहिला नियम असा, की अळंबी ज्याला सापडली त्याची. त्याचं पुरतं होईस्तोवर बाकीच्यांनी लांब राहायचं, खांद्यावरून डोकावायचं नाही. आणि दुसरा, नवख्याचा फोटो प्रदर्शनात लावायचा तर अळंबी जागेवर असताना मंडळातल्या आणखी एकाने ती डोळ्यांनी पाहिलेली पाहिजे. हा दुसरा आला एका जोडप्यामुळे. त्यांनी बाजारातून आणलेल्या अळंब्या लाकडावर गोंदाने चिकटवल्या होत्या, आणि बायकोने गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं की तिथेच उगवल्या. एका पावसाच्या सरीत शपथ आणि गोंद दोन्ही विरघळले. तेव्हापासून घरचा साक्षीदार चालत नाही.

पायवाट ओली होती आणि वर झाडांचं छप्पर इतकं दाट, की उजाडून बराच वेळ झाला तरी खाली पहाटेसारखंच होतं. माणसाच्या डोक्यावरून जाणारे नेचे, खोडांवर मऊ शेवाळ आणि सगळीकडून पाण्याचा आवाज. पहिल्या धबधब्यावर तिने छत्री धरली. नवऱ्याने लेन्सवर काळी काच लावली, शटर उघडलं आणि दोघं हलायची बंद झाली. अशा फोटोत पाणी दुधासारखं येतं, थेंब न् थेंब पुसून जातो. बघणाऱ्याला वाटतं, काय शांत जागा आहे! प्रत्यक्षात तिथे इतका गोंगाट असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

दुसऱ्या धबधब्यापाशी मंडळी रेंगाळली. सचिव डबा उघडून बसले. त्यांचं चौकात चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानात गिऱ्हाइकाला जेवढा वेळ द्यायचे तेवढाच ते डब्यालाही द्यायचे. नवऱ्याला तिसऱ्या धबधब्यावर ऊन यायच्या आत पोचायचं होतं, म्हणून ही दोघं पुढे निघाली.

आणि वाटेत तिला त्या दिसल्या.

तिला दिसल्या, हे महत्त्वाचं. नवरा तिथून नुकताच सरळ पुढे गेला होता. आडव्या पडलेल्या एका जाड खोडाच्या पोटाखाली, जिथे बघायला गुडघे टेकावे लागतात, तिथे तीन निळ्या अळंब्या उभ्या होत्या. निळ्या म्हणजे शाळेतल्या शाईसारख्या निळ्या. एक मोठी, एक मधली आणि एक नुकतं डोकं वर काढणारी. हा रंग मातीतून उगवतो हे तिला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं.

"अहो!" ती ओरडली. "अहो, मागे या! मला सापडल्या!"

नवरा मागे आला. वाकला. बराच वेळ वाकून राहिला. "हं," तो म्हणाला. "बऱ्या आहेत."

ती पालथी पडली. बाह्यांत चिखल गेला, हनुवटीपाशी काहीतरी वळवळलं, तिने लक्ष दिलं नाही. अवघडून वाकलेलं असताना हात मात्र स्थिर ठेवायचा तिला आयुष्यभराचा सराव होता. तो असा जंगलात कामी येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने आरसा मोठ्या छत्रीखाली अलगद सरकवला, दिव्याचं कडं पेटवलं, आणि आरशात ती पाती दिसली. बारीक, सरळ, कडेला किंचित गुलाबी, निरोगी हिरड्यांसारखी. एकाच फोटोत वरून निळी छत्री आणि खाली आरशात तिचं पोट. असा फोटो मंडळात कुणी काढलेला नव्हता. तिने कॅमेऱ्याचा पडदा नवऱ्यापुढे धरला.

नवऱ्याने पडदा बघितला. मग तिच्याकडे बघितलं. "आरशाचं कुणी सुचवलं तुला?"

"कुणी कशाला सुचवायला हवं? माझं हत्यार आहे ते."

"हं," तो म्हणाला.

आता सचिवांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की झालं. ती म्हणाली, मी थांबते इथेच. नवरा म्हणाला, "तू कशाला? धबधब्यासमोरचा तो सपाट खडक दुसऱ्या कुणी अडवला तर माझा दिवस फुकट जाईल. तू हो पुढे, जागा धर. चष्मेवाले आले की मी दाखवतो त्यांना, आणि आलोच."

तू हो पुढे, मी आलोच. हे वाक्य ऐकून ऐकून तिच्या कानाला गुळगुळीत झालं होतं, पण आज ते ऐकून तिला भरून आलं. आज तो तिच्यासाठी थांबत होता. ट्रायपॉड खांद्यावर टाकून ती निघाली आणि चालता चालता मनात चिठ्ठी लिहू लागली. नावामागे डॉक्टर लावायचं की नको, यावर तिचा बराच विचार झाला. शेवटी नकोच असं ठरलं.

धबधब्याचा आवाज यायला लागला आणि तिच्या लक्षात आलं, आरसा राहिला.

दातांचा डॉक्टर हत्यार विसरत नाही. ट्रेमध्ये जे मांडलं ते काम झाल्यावर ट्रेमध्ये परत दिसलं पाहिजे, नाहीतर ते पेशंटच्या पोटात शोधायची वेळ येते. पण आनंदात माणूस काय विसरेल सांगता येत नाही. ट्रायपॉड झाडाला टेकवून ती माघारी वळली. ओल्या पानांवर पावलं वाजत नव्हती.

वळणावरून तिला नवऱ्याची पाठ दिसली. कॅमेऱ्याची बॅग पाठीवर तशीच होती, चेन लावलेली. त्याने साधा एक फोटोसुद्धा काढला नव्हता. एक हात खोडावर टेकवून तो उजवा पाय खोडाखाली घालत होता. तिला आधी वाटलं, जळू लागली असेल. मग त्याची टाच फिरली. सिगारेट विझवताना फिरवतात तशी, सावकाश, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. मग पाय जरा सरकला, परत तेच. मग तिसरी, नुकतं डोकं वर काढणारी. तिघींचं झाल्यावर तो वाकला, मोठे तुकडे वेचून त्याने नेच्यांत भिरकावले आणि बुटानेच चार पानं जागेवर ओढून घेतली.

तो रागात नव्हता. राग असता तर तिने समजून घेतलं असतं, रागाचं काहीतरी करता येतं. हे सरावाचं काम होतं. नवशिक्याचा हात कसा चाचपडतो आणि मुरलेल्याचा कसा न बघता चालतो, हे तिला दुरूनही ओळखता यायचं. कितीतरी शिकाऊ डॉक्टर तिच्या हाताखाली तयार झाले होते. हा पाय शिकाऊ नव्हता.

तांबडं, पिवळं, जांभळं. तिच्या हातांना ते सगळं आठवलं. खाचांतून कोरून काढलेले मऊ, भिजलेले तुकडे आणि त्यावर सोडलेला नळ. नशीब लागतं म्हणे! त्या नशिबाला टाच होती, आणि ती टाच दर वेळी तिने स्वतःच्या हाताने लख्ख करून ठेवली होती.

"आलीस होय?" नवरा वळून म्हणाला. दचकला, पण क्षणभरच. हिला काय दिसलं आणि काय नाही, याचा अंदाज घेत त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून फिरली. "अगं, गळून पडल्या त्या. मी नुसता वाकलो आणि... फार नाजूक असतात."

ती बोलणार होती. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात वळणावर सचिव आले, गळ्यात कॅमेरा आणि हातात अर्धं केळं.

"काय वहिनी, मघाशी ओरडलात ते ऐकलं आम्ही. काय सापडलं?"

"सापडलं होतं," नवराच म्हणाला. "हिला सापडलं होतं, चांगलं होतं. पण गेलं हो. नशीब."

सचिवांनी खोडाकडे पाहिलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चष्म्याच्या वरून, डोळ्यांचा नंबर तपासताना बघतात तसं. "हो का वहिनी?"

इथे काय बोलायचं होतं ते कुणालाही सुचेल. ह्यांनी चिरडल्या, मी पाहिलं. एवढंच. तिच्या जिभेवर आलंही होतं. पण जिभेची सवय हाताच्या सवयीपेक्षा वाईट. चारचौघांत नवऱ्याचं झाकायचं आणि आपण काही झाकतोय हेही कुणाला कळू द्यायचं नाही, हे ती इतकी वर्षं करत आली होती, की तिच्या तोंडून वाक्य बाहेर पडलं ते त्याचंच.

"गळून पडल्या हो," ती म्हणाली. "अळंबी ती. तिचं आयुष्य ते केवढं!"

सचिव हसले. "असं होतंच," असं म्हणून पुढे चालू लागले. नवरा त्यांच्या मागोमाग गेला. ती मागे राहिली, गुडघ्यांवर बसली आणि पानं बाजूला केली. आरसा तिथेच होता. दांडी वाकली होती, काच तडकली होती आणि काचेवर निळा लगदा पसरला होता. तिने तो पुसला नाही, तसाच रुमालात गुंडाळला.

तिसऱ्या धबधब्यावर तिने छत्री धरली. हो, धरली. ऐकणाऱ्याला राग येईल, येऊ दे. तिलाही आला होता. पण राग येणं आणि हातातली छत्री खाली ठेवणं यांत बरंच अंतर असतं, आणि ते ज्याने कापलेलं नाही त्याने शहाणपण शिकवू नये.

धबधबा सुंदर होता, हे त्यातलं आणखी एक वाईट. तीन टप्प्यांत उतरत होता आणि मधल्या टप्प्यावर ऊन आलं तसे तुषारांत रंग उमटले. नवरा खुशीत आला. "तुझा फोटो चांगला होता गं," शटर मिटल्यावर तो ओरडून म्हणाला. "पण नियम म्हणजे नियम. पुढच्या वर्षी बघू. आणि लगेच भिंतीवर कशाला? कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतील लोक."

लोक म्हणाले नसते. लोकांच्या तोंडी घालून माणूस स्वतःचंच बोलत असतो. तिने छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि पाण्याकडे बघत राहिली.

घरी आल्यावर त्याने बूट नेहमीसारखे मोरीपाशी वर्तमानपत्रावर काढले. "बुटांचं बघतेस ना?" म्हणाला आणि आंघोळीला गेला. तिने उजवा बूट उलटा केला. टाचेच्या खाचांत निळं होतं, अजून ओलं. तिने हत्यार घेतलं, पहिल्या खाचेत टोक घातलं आणि परत काढून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला अडकलेलं काही अडकलेलंच ठेवायचं होतं. बूट वर्तमानपत्रात गुंडाळून तिने पिशवीत घातले आणि रुमालातला आरसा त्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी ती चष्म्याच्या दुकानात गेली. सचिव फडक्याने काचा पुसत होते. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. फ्रेमा ठेवायच्या मखमली ट्रेमध्ये तिने दोन्ही बूट तळ वर करून ठेवले, शेजारी आरसा ठेवला, आणि कॅमेऱ्यावर फोटो काढून त्यांच्यापुढे धरला.

"बाहेरचा साक्षीदार हवा असतो ना तुम्हाला? बघा. हा निळा आणि तो निळा."

सचिवांनी डोळ्याला भिंग लावलं. बूट जवळ घेऊन बघितला, मग फोटो बघितला, मग भिंग काढून ठेवलं आणि उठून दुकानाचं काचेचं दार लावून घेतलं.

"वहिनी, हे इथे कशाला आणलंत?"

"कशाला म्हणजे? तुम्हाला कळायला नको? माझ्या अळंब्या त्यांनी चिरडल्या. आणि माझ्याच नाही, आजवरच्या सगळ्या. आधी फोटो काढायचा, मग मागच्याला मिळू नये म्हणून..."

"ते ठाऊक आहे," सचिव म्हणाले.

तिने हातातला कॅमेरा ट्रेशेजारी ठेवला.

"सगळ्यांना ठाऊक आहे. राग आला होता आम्हाला, नाही असं नाही. पण त्यांच्या भिंतीमुळे गर्दी होते, गर्दीमुळे आपल्याला सभागृह मिळतं. बाहेर बोभाटा झाला तर मंडळाचीच शोभा. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हटलं जाऊ दे, अळंब्या तर आहेत."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

सचिव खरोखरच गोंधळले. सोंग नव्हतं ते. "तुम्हाला आम्ही काय सांगायचं, वहिनी? तुम्हीच तर आम्हाला सांगितलंत. व्यासपीठावरून. तांबडं, पिवळं, जांभळं! तोवर आम्हाला नुसता संशय होता, खात्री त्या दिवशी झाली. आम्ही म्हटलं, काय बाई आहे, भर सभेत नवऱ्याचं बिंग फोडते आणि वर हसवते. म्हणून तर एवढे हसलो आम्ही. आणि परवा... म्हणजे काल, काल मी विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, गळून पडल्या?"

ज्या हसण्यावर ती कितीतरी दिवस खूश होती ते हसणं तिला पुन्हा ऐकू आलं, आणि या वेळी ते कळलं. सगळं सभागृह कळून हसत होतं. नवरा सगळ्यांत मोठ्याने हसत होता, कारण त्याला वाटलं होतं, लोकांनी विनोदावर नेलं, सुटलो. न कळता हसणारी त्या सभागृहात एकटी तीच होती.

"फोटो मात्र झकास आहे हं," सचिव कॅमेरा परत उचलत म्हणाले. त्यांना तिचं भलंच करायचं होतं, हे सांगायला हवं. "आरसा म्हणजे अगदी नवीन. लावू या आपण. मी जागेवर पाहिल्या असं लिहून देतो."

"तुम्ही पाहिल्या नाहीत."

"मग काय झालं? आता बघितल्याच की. घरातलीच गोष्ट आहे."

एक क्षण तिला ती चिठ्ठी दिसली, खोटं कशाला बोला. पांढरी, चौकोनी, तिचं नाव नीट छापलेलं, मागे डॉक्टर न लावलेलं. हो म्हटलं की झालं असतं. तेरी भी चूप, मेरी भी चूप. तिने कॅमेरा त्यांच्या हातातून काढून घेतला, बूट पिशवीत भरले आणि दवाखान्यात गेली. पहिल्या पेशंटने आ केला तेव्हा आरसा घ्यायला तिचा हात ट्रेकडे गेला आणि थोडा वेळ तिथेच राहिला.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला. मोरीपाशी बघून म्हणाला, "बूट कुठायत?"

"चष्मेवाल्यांना दाखवायला नेले होते. तळ."

त्याचा चेहरा उतरला. लग्न झाल्यापासून तिने तो असा उतरलेला पाहिला नव्हता, आणि तेवढ्यापुरतं तिला फार बरं वाटलं. "काय म्हणाले ते?" त्याने हळूच विचारलं.

"म्हणाले, सगळ्यांना ठाऊक आहे."

नवऱ्याने श्वास सोडला. खांदे खाली आले, तोंडावर रंग परत आला. "मग झालं तर!" तो म्हणाला. "मला वाटलं, काय झालं." सोफ्यावर बसून त्याने एक मोजा काढला, मग दुसरा. "पण धुतलेस ना?"

नाही धुतले. बूट आता बाहेरच्या खोलीत आहेत, त्याच्या फोटोंच्या खाली, बक्षिसांच्या फळीवर, तळ बाहेर करून. शेजारी वाकड्या दांडीचा आरसा. निळं वाळून काळं पडलंय. नवऱ्याने ते काढून ठेवले तेव्हा तिने परत मांडले, पुन्हा काढले तेव्हा पुन्हा मांडले, मग त्याने नवे बूट घेतले. ते कोण धुतं तिला माहीत नाही. रविवारी ती घरी असते.

मंडळातलं कुणी घरी आलं की त्यांची नजर फळीवर जाते आणि चटकन वळून फोटोंवर येते. वा, वा, म्हणतात. हे काय मांडलंय म्हणून कुणीतरी एकाने विचारावं, यासाठी ती चहा घेऊन मुद्दाम त्या फळीपाशीच उभी राहते. अजून कुणी विचारलेलं नाही.